ज्या बिल्डरचं डिझाइन आपण करतो, त्याच्याच हातात जाऊ शकणाऱ्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या उपनगरातली एक ३८ वर्षं जुनी सोसायटी, तिने ऑडिटसाठी, म्हणजे इमारत किती मजबूत राहिलीय हे तपासण्यासाठी, एका स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीकडे कोटेशन मागितलंय. त्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसाठी ज्या बिल्डरचं नाव सगळ्यात पुढे आहे, त्याच्या दोन टॉवरचं आरसीसी डिझाइन हीच कन्सल्टन्सी करतेय. विचारणारा तिथे नोकरीला आहे, साइटवर जाऊन टेस्टिंग त्यालाच करायचंय, आणि त्याचे सर म्हणतात की आपण रिपोर्ट खराच देणार आहोत ना, मग बिघडलं कुठे? शेवटी त्याने असंही विचारलंय की आतेभावाची रिपेअर आणि वॉटरप्रूफिंगची कंपनी आहे, उद्या दुरुस्ती निघाली आणि त्याने टेंडर भरलं तर चालतं का.

माझं उत्तर आधीच सांगतो, ऑडिट घेऊ नका. आणि हे मी तुमच्या सरांवर संशय घेऊन म्हणत नाहीये, ते अगदी सरळ माणूस असतील असं धरूनच म्हणतोय. कारण सरळ माणसाकडूनही या जागी बसून वाकडा रिपोर्ट होतो, आणि तो कसा होतो हे जुन्या इमारतींच्या कामात मी इतक्या वेळा जवळून बघितलंय की त्याबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी त्या रिपोर्टवर काय काय अवलंबून आहे ते बघा. मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी लागते, सोसायटीच्या उपविधीतही ऑडिटची तरतूद आहे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी. रिपोर्टच्या शेवटी वर्गवारी येते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा थोडी रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. आता सी-१ लागलं की पुढे त्याच कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस, पाणी आणि वीज तोडणं, गरज पडली तर पोलीस घेऊन घरं रिकामी करणं, हे सगळं त्या एका अक्षरावर आणि आकड्यावर चालतं. जो बिल्डर रिडेव्हलपमेंटच्या रांगेत उभा आहे त्याला सी-१ म्हणजे वेळेची प्रचंड बचत, कारण सभासदांची वर्षानुवर्षांची भांडणं एका झटक्यात बाजूला पडतात, बाहेरच पडायचंय म्हटल्यावर कोण किती ताणणार. आणि सी-२बी आलं तर तीच सोसायटी दुरुस्ती करून पुढची बरीच वर्षं निवांत राहते. म्हणजे तुम्ही जे अक्षर लिहिणार त्यावर तुमच्या सध्याच्या क्लायंटचा मोठा फायदा-तोटा ठरतो, आणि त्याच क्लायंटच्या बिलावर तुमच्या ऑफिसचे पगार होतात.

यावर सर म्हणतील की आकडे तर मशीन देतं, आपण थोडेच बदलणार. इथेच खरी गोम आहे आणि बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. ऑडिटमध्ये खोटा आकडा लिहायची गरज फार क्वचित पडते. आकडा कुठून घ्यायचा हे ठरवलं की निम्मं काम झालेलं असतं.

तुम्ही टेस्टिंग करता म्हणजे तुम्हाला माहीतच असेल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. हाफ सेल टेस्टमध्ये, म्हणजे सळईच्या गंजाचा अंदाज देणाऱ्या विजेच्या टेस्टमध्ये, रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं की सळईला गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. पण टॉयलेटच्या डक्टला लागून असलेला कॉलम, जिथे वर्षानुवर्षं पाइप गळतोय, तिथे काँक्रीट कायम ओलं, रीडिंग तिकडे झुकणारच. त्याच मजल्यावरचा हॉलमधला कोरडा कॉलम घ्या, चित्र वेगळं. अल्ट्रासोनिकमध्ये काँक्रीटमधून ध्वनिलहर सोडतात, तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं म्हणतो, त्याच्या बराच खाली गेला की शंकास्पद. पण प्रोब समोरासमोर लावले की एकाच बाजूला लावले यावर तोच कॉलम वेगवेगळा आकडा देतो, एकाच बाजूचं रीडिंग कमी येतं, आणि त्यात सळईवरचं काँक्रीटचं कव्हर गंजाने फुटलेलं असेल तर आणखी कमी. रिबाउंड हॅमरचं, म्हणजे काँक्रीटवर आपटून कडकपणा मोजायच्या हातोड्याचं, बरोबर उलटं, जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक झालेला असतो त्यामुळे आतलं काँक्रीट आहे त्यापेक्षा भारी दिसतं. कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेला काँक्रीटचा नमुना, कुठल्या कॉलमचा काढायचा तेही तुम्हीच ठरवणार, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतीत एक कोअर आणि दुसरा कोअर यात जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो कारण काँक्रीट हाताने कालवलेलं, कुठे पाणी जास्त तर कुठे खडी एका बाजूला.

म्हणजे एकाच इमारतीत सी-१ चा रिपोर्टही आहे आणि सी-२बी चा रिपोर्टही आहे, दोन्ही खऱ्या रीडिंगवर! मी अशी एक चाळवजा इमारत बघितलीय जिथे मालकाच्या इंजिनिअरने सी-१ दिलं आणि भाडेकरूंच्या इंजिनिअरने सी-२बी. असे दोन उलट रिपोर्ट आले की प्रकरण पालिकेच्या टेक्निकल ॲडव्हायजरी कमिटीकडे म्हणजे टॅककडे जातं. तिथे दोन्ही रिपोर्टमधली टेस्टची ठिकाणं एकाच नकाशावर मांडली तर एका रंगाचे जवळजवळ सगळे ठिपके मागच्या डक्टच्या रांगेत, दुसऱ्या रंगाचे सगळे पुढच्या खोल्यांत आणि जिन्यापाशी. दोघांपैकी कुणीही आकडा बदललेला नव्हता आणि दोघांशी बोलल्यावर मला तरी कुणी लबाड वाटला नाही. प्रत्येकाला साइटवर नेणारा माणूस वेगळा होता. एकाला मालकाच्या माणसाने फिरवलं, 'साहेब हे बघा किती वाईट आहे', दुसऱ्याला भाडेकरूंनी फिरवलं, 'साहेब इथे बघा, एक तडा नाही'. आणि त्या ४० कुटुंबांचं पुढचं आयुष्य त्या ठिपक्यांवर अडकलेलं. भाडेकरूचा हक्क इमारत पाडली म्हणून कायद्याने संपत नाही हे खरं, पण एकदा घर सोडून बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो हक्क परत पदरात पडेपर्यंत काय काय सोसावं लागतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको.

तुमच्या बाबतीत तुम्हाला साइटवर नेणारा माणूस तुमच्या डोक्यातच असेल. तुम्हाला कुणी फोन करून काही सांगणारही नाही. पण कुठल्या कॉलमचं प्लास्टर आधी फोडायचं, सीमारेषेवरच्या रीडिंगला काय म्हणायचं, 'मोठी दुरुस्ती परवडणारी नाही' हे वाक्य घालायचं की नाही, अशा वीस-पंचवीस छोट्या निर्णयांत प्रत्येक वेळी एका बाजूला थोडंसं वजन पडत राहणार आणि ते तुम्हाला जाणवणारही नाही. डॉक्टरांच्या कट प्रॅक्टिसवर आपण सगळे तावातावाने बोलतो, पण तिथेही बहुतेक डॉक्टर गरज नसताना एमआरआय सांगतोय असं स्वतःला म्हणत नाहीत, त्यांना तो एमआरआय गरजेचाच वाटायला लागलेला असतो.

आमच्या इंजिनिअरिंगमध्ये याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेतलं आहे, हायड्रोलेव्हलचं. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की इंधन बंद करणारं एक उपकरण असतं, तो धंदा तिकडे अनेक वर्षं मॅकडॉनेल अँड मिलर या कंपनीच्या हातात होता. हायड्रोलेव्हल नावाच्या छोट्या कंपनीने टाइम डिले, म्हणजे थोडं थांबून इंधन तोडायची सोय, असलेलं नवीन उपकरण आणलं आणि १९७१ मध्ये ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसारखं मोठं गिऱ्हाईक मिळवलं. बॉयलरचा कोड म्हणजे नियमावली ज्या संस्थेची, ती मेकॅनिकल इंजिनिअर्सची संस्था एएसएमई, तिच्या हीटिंग बॉयलरच्या उपसमितीचा उपाध्यक्ष होता मॅकडॉनेल अँड मिलरचाच एक व्हाइस प्रेसिडेंट. त्याने आणि उपसमितीच्या अध्यक्षाने मिळून टाइम डिलेबद्दल संस्थेला विचारायच्या प्रश्नाचा मसुदा तयार केला, ते पत्र कंपनीकडून गेलं, संस्थेच्या कचेरीने ते उत्तरासाठी त्याच अध्यक्षाकडे पाठवलं आणि उत्तराचा मजकूरही त्यानेच लिहिला! ते उत्तर संस्थेच्या लेटरहेडवर आलं आणि कंपनीचे सेल्समन ते घेऊन बाजारात फिरले की बघा, टाइम डिलेवालं उपकरण कोडमध्ये बसत नाही. हायड्रोलेव्हल त्यातून सावरली नाही. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने एएसएमईलाच जबाबदार धरलं, म्हणजे ज्या संस्थेला त्यात एक डॉलरही मिळाला नव्हता तिलाच.

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की त्या पत्रातल्या वाक्यांवर सुटं सुटं बोट ठेवायला गेलात तर तांत्रिक बाजूने वाद घालता येतो, सुरक्षिततेची काळजी म्हणूनही ते वाचता येतं. गडबड त्या पत्राच्या शब्दांपेक्षा ते कुणी लिहिलं यात होती. तुमच्या रिपोर्टचंही तसंच होणार. उद्या एका सभासदाला कळलं की ऑडिट करणारे बिल्डरचेच डिझाइनर आहेत, की तुमची सगळी रीडिंग बरोबर असली तरी तो रिपोर्ट मेला. आणि यात अजून वाईट शक्यता आहे ती अशी की इमारत खरोखरच सी-१ असेल, लोकांनी खरोखर बाहेर पडायला हवं असेल, आणि तुमच्या नात्यामुळे कुणीच विश्वास ठेवणार नाही, कोर्टात स्टे घेतील, दुसरा रिपोर्ट आणतील, आणि तोवर दोन पावसाळे त्याच इमारतीत काढतील. मला याचीच भीती सगळ्यात जास्त वाटते. पक्षपाती रिपोर्ट एक नुकसान करतो, पण पक्षपाती वाटणारा खरा रिपोर्ट माणसं मारू शकतो.

दाब नेहमी 'वाईट लिहा' असाच असतो असंही नाही. सरकारी कामात बहुतेक वेळा उलटा असतो, सगळं ठीक आहे असं आलं की सगळेच खूश, पैसा वाचतो, रस्ता बंद करावा लागत नाही. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, ७ माणसं गेली, त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं आणि तो किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. त्याच्या आदल्या वर्षी, १५ मार्च २०१८ ला मायामीत विद्यापीठाचा नवा पादचारी पूल बांधकाम चालू असतानाच पडला, ६ जण गेले. तिथे डिझाइन तपासायला वेगळी फर्म होती, पण तिला नेमणारी आणि तिची फी ठरवणारी डिझाइन करणारी फर्मच होती, फी आणि वेळ दोन्ही घासाघीस करून कमी केलेले, आणि बांधकामाच्या मधल्या टप्प्यांची तपासणी कामातच धरलेली नव्हती. आपल्याकडेही प्रूफ चेकिंग, म्हणजे डिझाइनची दुसऱ्याकडून तपासणी, पुष्कळदा असंच चालतं, कॉन्ट्रॅक्टरचा डिझाइनर आपल्याच ओळखीतल्या माणसाला ड्रॉइंग पाठवतो आणि शिक्का येतो. ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, ही रचना मुळातूनच चुकलेली आहे.

कायदा काय म्हणतो असंही कुणीतरी विचारेलच. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, डॉक्टर, वकील, सीए यांच्या परिषदा आहेत, इंजिनिअरसाठी मात्र देशपातळीवर तसा नोंदणीचा कायदा अजून लागू नाही. पालिकेचं लायसन्स असतं आणि इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची आचारसंहिता आहे. अमेरिकेतल्या प्रोफेशनल इंजिनिअर्सच्या संहितेत दोन नियम अगदी स्वच्छ आहेत: निर्णयावर परिणाम करू शकतील, किंवा करतायत असं दिसू शकेल, असे सगळे हितसंबंध आधी उघड करा, आणि एकाच प्रोजेक्टवर दोन बाजूंकडून पैसे घेऊ नका, घ्यायचेच तर सगळ्यांना सांगून आणि सगळ्यांची संमती घेऊन. मी माझ्या ऑफिसात हेच वापरतो, कायद्याची वाट बघत बसत नाही.

मग उघड केलं आणि सोसायटी हो म्हणाली तर घ्यावं का? काही कामांत हो. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं डिझाइन असेल तर सांगून खुशाल करा. पण ऑडिटमध्ये मला ते पटत नाही, कारण हो म्हणणारी कमिटी असते आणि घर जाणारा माणूस कमिटीत नसतो. शिवाय कमिटीतल्या लोकांचेही हितसंबंध असतात, कुणाला मोठा फ्लॅट हवाय, कुणाला कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी रक्कम, कुणाचं बिल्डरशी आधीच बोलणं झालंय. त्यांच्या संमतीने तुमची अडचण सुटत नाही.

आता फीबद्दल, कारण यावर कुणी बोलतच नाही. तुमच्या केसमध्ये बिल्डर आहे म्हणून तुम्हाला प्रश्न तरी पडला, पण आमच्या धंद्यात रोजच्या कामातही हाच घोळ आहे. ऑडिट करणारा कन्सल्टंटच पुढे रिपेअरचं एस्टिमेट बनवतो, टेंडर काढतो, सुपरव्हिजन करतो, आणि त्याची फी असते दुरुस्तीच्या खर्चावर टक्क्याने. म्हणजे पॉलिमर मॉर्टर जितकं जास्त, जॅकेटिंगचे म्हणजे भोवती नवीन थर चढवायचे कॉलम जितके जास्त, तितकी फी जास्त. त्यावर केमिकल कंपनीचा डीलर येतो, आपला ब्रँड स्पेसिफिकेशनमध्ये टाका, तुमचं बघून घेऊ. ऑडिट आणि बीओक्यूची (कामं आणि त्यांची मोजमापं यांच्या यादीची) फी ठोक रकमेत ठरवा, निकाल काहीही येवो तीच, आणि स्पेसिफिकेशनमध्ये ब्रँडऐवजी गुणधर्म लिहा, किती ताकद, किती बाँड, कुठली टेस्ट. सोसायटीने ऑडिटची फी स्वतःच्या फंडातून द्यावी, 'सध्या तुम्ही करा, बिल्डर नेमला की तो भरेल' हा प्रकार अजिबात नको. रिडेव्हलपमेंटच्या पीएमसीचं म्हणजे सोसायटीच्या प्रोजेक्ट सल्लागाराचंही तेच, नेमते सोसायटी आणि फीचा बोजा शेवटी बिल्डरवर, मग पीएमसी बिल्डरशी किती भांडणार हे तुम्हीच बघा.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. तुम्ही नोकरीत आहात, कोटेशन द्यायचं की नाही हे तुमच्या हातात नाही, ते मला कळतं. पण सरांना मेल टाकू शकता, तोंडी नको, मेलच. त्यात आरोप नको, एवढंच लिहा की या सोसायटीसाठी इच्छुक बिल्डरचं काम आपल्याकडे चालू आहे, रिपोर्टला आव्हान दिलं गेलं तर हे टॅकसमोर किंवा कोर्टात निघेल आणि लायसन्सवर सही तुमची आहे, म्हणून आपण काम न घेता सोसायटीला पालिकेकडे नोंदणी असलेल्या दुसऱ्या इंजिनिअरकडे पाठवावं असं मला वाटतं. सरांच्या फायद्याची भाषा आहे ही, आणि खरीही आहे. ते म्हणतील आपण नाही केलं तर दुसरा करेल. करू दे की, दुसऱ्याचं डिझाइनचं काम त्या बिल्डरकडे नसेल तर तेच तर हवंय.

तरीही त्यांनी घेतलंच आणि तुम्हाला साइटवर पाठवलं, तर निदान टेस्टची ठिकाणं हातोडा उचलायच्या आधी नकाशावर ठरवून घ्या, प्रत्येक मजला, आतले बाहेरचे दोन्ही कॉलम, ओले कोरडे दोन्ही, आणि त्या नकाशावर कमिटीच्या आणि कमिटीबाहेरच्या एका सभासदाच्या सह्या घ्या. ठिकाण बदलावं लागलं तर का बदललं ते तिथेच लिहा. कोअर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये द्या आणि लॅबने रिपोर्ट थेट सोसायटीला पाठवावा. सगळी कच्ची रीडिंग परिशिष्टात, सरासरी नुसती नको. मग वर्गवारी कुणीही लिहो, दुसरा इंजिनिअर तोच डेटा घेऊन स्वतः निष्कर्ष काढू शकतो. आणि साइटवर न आढळलेली गोष्ट अंतिम रिपोर्टमध्ये दिसली तर 'टेस्टिंग बाय' खाली आपलं नाव ठेवू देऊ नका.

आतेभावाचं. टेंडर भरायचंच असेल तर कोटेशन उघडायच्या आधी सोसायटीला लेखी कळवा की नातं आहे, आणि त्या दिवसापासून त्या साइटच्या एस्टिमेटपासून बिल तपासण्यापर्यंत तुम्ही कशातच नाही. पण त्याला जर बीओक्यूमधली कामांची मोजमापं तुमच्यामुळे इतरांच्या आधी कळणार असतील, जेवताना सहज बोलण्यातून का होईना, तर त्याला सांगा की ही सोसायटी सोड. तो रागावेल, दिवाळीला चार शब्द ऐकवेल, पण त्याला दुसऱ्या सोसायट्या मिळतील.